नवा गडी थंड का? कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोसमाआधी खेळाडूंची अदलाबदल झाली, की पंधरा दिवसांत 'नवा आलेला गडी थंड का, गोल का मारत नाही' असले प्रश्न सुरू होतात. काही शाहू स्टेडियमच्या गॅलरीत, काही तालमीच्या कट्ट्यावर, काही मध्यरात्री फोनवर, टीव्हीवरची मॅच संपल्या संपल्या. निम्मे आपल्या पेठांतल्या संघांचे, निम्मे आर्सेनल, युनायटेड आणि माद्रिद या युरोपातल्या क्लबांचे. एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसता प्रश्नाचा नंबर सांगता येईल.

१. नव्या खेळाडूला किती मॅच द्यायच्या? एक आकडा सांगा.

ठाम आकडा कुणी सांगितला तर तो गंमत करतोय असं समजा. माझा स्वतःचा हिशेब सांगतो. युरोपातला मोसम ऑगस्टात सुरू होतो. तेव्हा आलेल्या खेळाडूबद्दल मी दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाही. दिवाळीनंतर शंका घेतो, आणि मत बनवतो ते मोसम संपताना.

हा हिशेब दोन माणसांनी शिकवला. डेनिस बर्गकॅम्प १९९५ मध्ये इंटर मिलानमधून आर्सेनलमध्ये आला. पहिल्या गोलासाठी २३ सप्टेंबर उजाडला, आणि तोवर इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल करून घेतली होती. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच क्लबात थिएरी ऑन्री आला. त्याचंही तसंच. सप्टेंबर अर्धा सरला तरी खातं बंद. गंमत म्हणजे दोघांचंही खातं उघडलं ते साऊदॅम्प्टनविरुद्धच. पुढे बर्गकॅम्पचे आर्सेनलसाठी १२० गोल झाले आणि ऑन्रीचे २२८. कोल्हापूरच्या लीगला मात्र हा हिशेब लागू होत नाही, त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

२. एवढे पैसे मोजून आणला, तिकडं धडाधड गोल मारत होता. इकडं आल्यावर पाय बांधल्यासारखा का खेळतो?

कारण गोल एकट्याचा नसतो. स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला पुढे ठेवलेला खेळाडू, पळायला लागतो तेव्हा बॉल नेमका कुठे येणार, हे त्याला आधीच्या संघात डोळे मिटून ठाऊक असतं. नव्या संघात तो अर्धा सेकंद आधी पळतो आणि ऑफसाइड होतो, नाहीतर अर्धा सेकंद उशिरा पळतो आणि समोरचा बॅक, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, आड येतो. हा अर्धा सेकंद सरावात भरून निघतो, आणि सरावाला दिवस लागतात.

लुका मॉड्रिच २०१२ च्या ऑगस्टअखेरीस रेआल माद्रिदमध्ये पोचला. मोसमापूर्वीची तयारी नव्या सोबत्यांबरोबर झालेलीच नाही. त्याच वर्षाच्या शेवटी स्पेनमधल्या एका मोठ्या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला मोसमातली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बॅलन डी'ओर २०१८ मध्ये याच मॉड्रिचला मिळाला. कौल देणाऱ्या त्या वाचकांचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही.

बाकी कारणं साधी आहेत. भाषा येत नाही, घर मिळालेलं नाही, बायको-पोरं अजून जुन्या गावात आहेत, जेवण पचत नाही. पंजाब-हरियाणातला पैलवान कोल्हापूरच्या तालमीत आला, तर वस्ताद त्याला दुसऱ्या दिवशी खासबागच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही. आधी इथली माती अंगाला लागू देतो, खुराक बसू देतो, जोडीदार ठरवून देतो. फुटबॉलमध्ये मात्र गडी सोमवारी गावात आणि शनिवारी मैदानात, असली आपली घाई.

३. गोल होत नाहीत, मग त्याच्याकडं बघायचं तरी काय?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, आणि सगळ्यात कमी लोक विचारतात तो.

एक प्रयोग करा. पुढच्या मॅचला दहा मिनिटं बॉलकडे बघूच नका, फक्त त्या एका खेळाडूकडे बघा. टीव्हीवर हे जमत नाही, कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून मात्र सगळं मैदान एका नजरेत येतं. बॉल दुसऱ्या टोकाला असताना तो काय करतो? उभा राहून कमरेवर हात ठेवतो, की बॅकला ओढत बाजूला नेतो आणि मागच्या मिडफिल्डरला मोकळी जागा करून देतो? बॉल पायात घ्यायच्या आधी मान वळवून मागे बघतो का? बॉल गेल्यावर पहिली दोन पावलं कुठल्या दिशेला टाकतो?

मग सोबत्यांकडे बघा. मोकळा असूनही त्याला पास जात नसेल, तर दोष निम्मा बाकीच्यांचा. आपल्याकडे हे फार चालतं. जुने तिघे लहानपणापासून एका गल्लीत खेळलेले, ते आपसातच त्रिकोण करत बसतात, आणि नवा गडी हात वर करून करून थकतो. गॅलरी ओरडते त्या नव्यावर.

शेवटी संधींकडे. मॅचमागे दोन-तीन संधी येतात आणि तो त्या घालवतो, हे बरं लक्षण आहे. जागेवर पोचतोय, पाय आज ना उद्या बसेल. संधीच येत नसतील, तर गोष्ट काळजीची. काल फुकट घालवलेल्या संधीवर कपाळ बडवणारे लोक दिसतात, पण चार मॅच संधीच न मिळालेल्या खेळाडूला 'बरा खेळतोय, नशीब नाही' म्हणणारेही तेच असतात. उलटं पाहिजे.

४. पहिल्याच मॅचमध्ये घोळ घातला. पहिली छाप हीच शेवटची छाप नाही का?

नाही. पॅट्रिस एव्हरा जानेवारी २००६ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून पहिली मॅच खेळला, तीही शहरातल्या वैऱ्याशी, सिटीशी. युनायटेड ३-१ हरलं आणि एव्हराला मध्यंतरालाच बाहेर काढलं. त्यानंतर कित्येक वर्षं युनायटेडचा लेफ्ट बॅक म्हणजे एव्हराच.

५. सगळ्यात लांबलेली थंडी कुणाची?

दोन नावं नेहमी निघतात, आणि दोन्हींत फरक आहे.

दिएगो फोर्लान जानेवारी २००२ मध्ये युनायटेडमध्ये आला. पहिला गोल सप्टेंबरात, मक्काबी हैफाविरुद्ध, तोही पेनल्टीवर. मध्ये जवळजवळ आठ महिने गेले. पण डिसेंबरात त्यानं लिव्हरपूलच्या मैदानात जाऊन दोन गोल मारले, आणि युनायटेडचे लोक त्याच्या नावाचं गाणं म्हणायला लागले. खरा बहर स्पेनमध्ये आला. विलारेआल आणि अ‍ॅटलेटिको, दोन्हीकडून युरोपातल्या लीगमध्ये सर्वाधिक गोल मारणाऱ्याचा गोल्डन शू, आणि २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल. हाच फोर्लान २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला. तेव्हा कोल्हापुरातून मुंबईला मॅच बघायला गेलेले काही जण अजून त्याच्याच गोष्टी सांगतात.

गॅरेथ बेलचं वेगळं. २००७ मध्ये टॉटनहॅमला आला आणि लीगमधल्या २४ मॅच खेळूनही एकदासुद्धा जिंकलेल्या संघात नव्हता. 'पनवती' म्हणायचं तेवढं बाकी होतं. पण नीट बघा, सुरुवातीच्याच मॅचमध्ये त्याचे स्वतःचे गोल आहेत. मध्ये दुखापतीही झाल्या. संघ जिंकत नव्हता आणि पाटी त्याच्या गळ्यात. २००९ च्या सप्टेंबरात बर्नलीला ५-० हरवलं, तेव्हा शेवटच्या काही मिनिटांसाठी त्याला उतरवून ती पाटी काढली. चार वर्षांनी रेआल माद्रिदनं त्याच्यासाठी विक्रमी पैसे मोजले.

६. म्हणजे धीर धरला की प्रत्येक जण शेवटी चमकतोच?

अजिबात नाही, आणि ऑन्रीचं उदाहरण देऊन समोरच्याचं तोंड बंद करणाऱ्यांपासून सावध राहा. आपल्याला ऑन्री आठवतो कारण तो चमकला. थंड आला आणि थंडच गेला, अशांची नावंसुद्धा राहत नाहीत.

त्यातल्या त्यात मोठं नाव फर्नांडो टोरेस. जानेवारी २०११ च्या शेवटच्या दिवशी चेल्सीनं ५ कोटी पौंड मोजून लिव्हरपूलकडून घेतला. पहिला गोल तब्बल ९०३ मिनिटांनी, वेस्ट हॅमविरुद्ध, पाणी साचलेल्या मैदानात. चेल्सीच्या लोकांनी धीर धरला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पण लीगमध्ये ११० मॅचमध्ये २० गोल, यापुढे गाडी गेली नाही. बार्सिलोनाच्या मैदानात २०१२ मध्ये सगळ्यांना मागे टाकून मारलेला तो एक गोल मात्र चेल्सीवाले विसरणार नाहीत.

७. किंमत जास्त असेल तर अपेक्षा जास्त ठेवणं चूक आहे का?

अपेक्षा ठेवा, पण किंमत खेळाडू ठरवत नाही हेही ध्यानात ठेवा. दोन क्लबांनी घासाघीस केली, करारात किती वर्षं उरली होती ते पाहिलं, आणि एक आकडा ठरला. त्या आकड्याचं ओझं मात्र पोराच्या पाठीवर. बाजारात भाव चढला म्हणून उसाचा रस जास्त गोड होत नाही.

८. आमच्या तालमीनं बाहेरनं आणलेला स्ट्रायकर चार मॅच झाल्या तरी गोल मारत न्हाई. आम्ही पण दिवाळीपर्यंत गप बसायचं व्हय?

नको. इथं गणित निराळं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय युरोपची उदाहरणं फेकण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट मोसमाची. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघाला ३८ मॅच. आपल्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये वरिष्ठ गटाचे १६ संघ, आणि एका संघाच्या वाट्याला मोजक्या मॅच. त्यानंतर निरनिराळे चषक, तेही बाद पद्धतीचे. एक वाईट दिवस आणि स्पर्धा खलास. पावसाळ्याआधी सगळं आटपायचं. तिकडचा दहाव्या मॅचला जागा होणारा खेळाडू इथं जागा होईपर्यंत मोसम संपलेला असतो.

दुसरी गोष्ट ईर्षेची. आपले संघ म्हणजे तालमी. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीसाठी नावारूपाला आलेल्या या तालमींनी पुढे फुटबॉलही तितक्याच हट्टानं धरला. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नुसती संघांची नावं नव्हेत, माणसाचा पत्ता आहे. मॅच हरली की दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलेल्या माणसाला टोमणा ऐकावा लागतो. लंडनमधला चाहता टीव्ही बंद करून झोपू शकतो, मंगळवार पेठेतला नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. खेळाडू आणायचे पैसे कुणा शेखाच्या तिजोरीतून येत नाहीत. तालमीचे कार्यकर्ते, गल्लीतले दुकानदार, जुने खेळाडू, असे सगळे मिळून जमवतात. ज्यानं स्वतःच्या खिशातनं हजार रुपये काढलेत, त्याला 'धीर धर' सांगायला जीभ रेटत नाही.

तरीही चार मॅच कमीच. माझा कोल्हापुरी हिशेब असा: लीग संपेपर्यंत प्रश्न ३ मधल्या गोष्टी बघायच्या, गोल मोजायचे नाहीत. चषक सुरू झाले की मोजायचे. आणि बाद फेरीच्या मोठ्या मॅचला तो फॉर्मात नसेल तर त्याला बाकावर बसवा म्हणणं अधीरपणा नव्हे, तो संघनिवडीचा साधा भाग आहे.

९. परदेशी खेळाडूला आम्ही लगेच शिव्या घालतो आणि पेठेतल्या पोराला सांभाळून घेतो. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, पण का होतं ते कळतं. पेठेतल्या पोराची आई गॅलरीत कुठेतरी ओळखीची असते, त्याला शिवी द्यायची तर आधी इकडंतिकडं बघावं लागतं. नायजेरियातून आलेल्याला मराठी कळत नाही असं आपण धरून चालतो. सूर सगळ्यांना कळतो.

आणखी एक. परदेशी म्हटलं की त्यानं एकट्यानं पाच जणांना चकवून गोल मारावा, ही अपेक्षा. तो साधा एका स्पर्शाचा पास देऊन पुढे पळाला, की 'यासाठी आणलाय काय ह्याला' सुरू. खरं तर तेवढ्यासाठीच आणलेला असतो. मार्चनंतरच्या दुपारच्या उन्हात, टणक झालेल्या मैदानावर, खोलीवर स्वतः भात शिजवून खेळायला येणाऱ्या माणसाला प्रश्न २ मधली सगळी कारणं दुप्पट लागू होतात.

उलट बाजूही बघा. आपली पोरं बाहेर जातात तेव्हा ती तिथली परकी असतात. २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळलेला आपला अनिकेत जाधव पुढे आयएसएलमध्ये एकाहून अधिक क्लबांकडून खेळला. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला वेळ द्यावा असं आपल्याला वाटतंच ना?

१०. गेल्या वर्षापर्यंत वैरी तालमीकडून आमच्यावर गोल मारणारा आता आमच्यात आलाय. त्याला पण तोच नियम?

नियम तोच, पण त्याला अवघड जातं, कारण लोक त्याच्या चुकीला चूक म्हणत नाहीत, 'आतनं मिळालाय' म्हणतात. पेनल्टी हुकली की संशय. जुन्या तालमीविरुद्ध खेळताना तर दोन्हीकडून बोलणी. मी अशा खेळाडूंना एक जास्तीची सवलत देतो: जुन्या संघाविरुद्धची मॅच हिशेबात धरतच नाही, चांगली झाली तरी नाही आणि वाईट झाली तरी नाही.

११. गोलकीपर आणि बॅकला पण एवढाच वेळ?

जास्त. स्ट्रायकरच्या दहा चुका दिसत नाहीत, कीपरची एक दिसते. डेव्हिड दे हेआ २०११ मध्ये युनायटेडला आला तेव्हा विशीत होता. क्रॉस पकडताना गडबडायचा, त्याच मोसमात काही काळ बाहेरही बसला. मग २०२३ पर्यंत तिथंच राहिला. बॅकच्या बाबतीत शेजारच्याशी जोडी जमणं हा सगळा खेळ, म्हणून मधल्या दोघांपैकी एक जरी बदलला तरी घड्याळ थोडं मागे घ्यावं लागतं.

१२. एका स्पर्धेत गोल मारतो, दुसऱ्यात नाही. हा थंड म्हणायचा की गरम?

रास्मुस होयलुंडच्या वेळी हा प्रश्न महिनाभर येत होता. २०२३ मध्ये तो युनायटेडला आला, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत गटातल्या मॅचमध्ये पाच गोल मारले, आणि प्रीमियर लीगमधला पहिला गोल झाला २६ डिसेंबरला, अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध. अशा वेळी पाय ठीक आहेत हे तर सिद्धच झालं. मग त्या दुसऱ्या स्पर्धेत संघ कसा खेळतो, समोरचे मागे गर्दी करून उभे राहतात का, त्याच्यापर्यंत बॉल पोचतो का, हे बघायचं. म्हणजे पुन्हा प्रश्न ३.

१३. स्ट्रायकर म्हणून आणला आणि भलतीकडंच खेळवतायत. आता हिशेब कसा लावायचा?

नव्यानं. जोएलिंटनला न्यूकॅसलनं २०१९ मध्ये ४ कोटी पौंडांना स्ट्रायकर म्हणून घेतलं आणि पहिल्या मोसमात लीगमध्ये गोल किती, तर दोन. २०२१ च्या अखेरीस एडी हाऊ प्रशिक्षक झाले, त्यांनी त्याला मिडफिल्डमध्ये ओढलं, आणि ज्याला विकून टाका म्हणत होते तोच लोकांचा लाडका झाला. ऑन्रीचंही बघा, युव्हेंटसमध्ये तो बाजूनं खेळायचा, आर्सेनलचे तेव्हाचे प्रशिक्षक वेंगर यांनी त्याला मध्ये आणून स्ट्रायकर केलं. पहिले दोन महिने तो नवीन क्लब शिकत होता आणि नवीन जागाही. खेळाडू चुकीचा आहे म्हणण्याआधी जागा चुकीची आहे का, एवढं एकदा तपासा.

१४. दुखापत झाली तर ते दिवस मोजायचे का?

नाही. परतल्यावर पहिल्या तीन-चार मॅचही सोडून द्या. बरा झालेला पाय आणि भरवशाचा पाय यांत अंतर असतं, ज्यांनी गुडघा धरून खेळलंय त्यांना विचारा.

१५. तिकीट काढून आलोय. ओरडायचा हक्क नाही का आम्हाला?

आहे. आणि कोल्हापुरात हलगी, शिट्ट्या आणि ओरडा बंद केला तर स्टेडियममध्ये उरेल काय? पण संघासाठी ओरडणं आणि आपल्याच माणसावर ओरडणं, यांत फरक पडतो. तो मैदानात दिसतो. शिव्या पडायला लागल्या की खेळाडू अवघड पास टाळतो, बॉल मागे देतो, शॉट मारायच्या जागी दुसऱ्याला शोधतो. चूक होणार नाही असा खेळ सुरू करतो, म्हणजे गोलही होणार नाही असा.

हे पुस्तकी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका बाहेरून आलेल्या पोराला पूर्ण अर्धा तास, त्याचं नाव घेऊन, ओरडत होतो. तो टचलाइनला आमच्याच बाजूला खेळत होता. उत्तरार्धात तो सरकत सरकत पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथंच राहिला. आमची डावी बाजू मोकळी पडली, तिथूनच गोल बसला. त्या दिवशी आम्ही कुणामुळे हरलो, यावर मित्रांमध्ये अजून वाद आहे. मी त्या वादात पडत नाही.

दुसरी बाजू आर्सेनलच्या लोकांनी दाखवली. काय हावर्ट्झ २०२३ मध्ये चेल्सीकडून आला, सप्टेंबर सरत आला तरी गोल नाही. ३० सप्टेंबरला बोर्नमथविरुद्ध पेनल्टी मिळाली, आणि सोबत्यांनी बॉल त्याच्या हातात दिला. त्यानं मारली, सगळा संघ त्याच्या अंगावर, आणि बाहेरगावी आलेला आर्सेनलचा कोपरा त्याच्या नावानं गात होता. तेव्हा संघ आधीच पुढे होता, म्हणून उदार होणं सोपं होतं, हे मला मान्य आहे.

१६. मग धीर सोडायचा कधी?

मी तीन गोष्टी बघतो. चुका करतोय पण बॉल मागतोय, तोवर ठीक. बॉल नको म्हणून बॅकच्या आड उभा राहायला लागला, की शंका. सरावाला येत नाही, वजन वाढलंय, रात्री दोनपर्यंत रंकाळ्यावर दिसतो, असं खात्रीच्या माणसाकडून कळलं, की धीर संपला. खात्रीच्या म्हणजे ज्यानं स्वतः पाहिलंय अशा माणसाकडून. कट्ट्यावर ऐकलेलं धरायचं नाही, त्या हिशेबानं आपल्या प्रत्येक खेळाडूला रोज रात्री रंकाळ्यावर कुणीतरी पाहिलेलंच असतं. आणि दुसरा मोसम पूर्ण मिळूनही, आपल्या जागेवर खेळूनही काही दिसत नसेल, तर हात जोडून निरोप द्यावा. यात कुणाचा अपमान नाही.

१७. मी त्याला मोसमभर शिव्या घातल्या आणि त्यानं फायनलला गोल मारला. आता कुठल्या तोंडानं नाचू?

त्याच तोंडानं नाचा, निम्मी गॅलरी तुमच्यासारखीच असते. दुसऱ्या दिवशी तो तालमीच्या कोपऱ्यावर चहा प्यायला आला तर पैसे तुम्ही द्या. 'भावा, नाद खुळा' एवढं पुरे, आधीचं काही काढू नका. तो काढणार नाही. आणि त्यानं काढलंच, तर आणखी एक कटिंग सांगा.